दोरा तुटेपर्यंत उभा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टँड आहे. फोटोग्राफर ज्याच्या डोक्यावर कॅमेरा बसवतात, तो तीन पायांचा स्टँड. फोटो चांगला आला की लोक कॅमेऱ्याचं कौतुक करतात. करू देत बापडे. पण कॅमेऱ्याला पाय नसतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझा जन्म एक्क्याण्णव साली चिटगुप्प्यात झाला. हणमंतप्पा अण्णांनी बाजारात नवा फोटो स्टुडिओ उघडला होता. लोखंडी स्टँड हैदराबादेहून यायला महिना लागणार होता आणि अण्णांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी ग्यानबा सुताराला कागदावर चित्र काढून दिलं. ग्यानबा म्हणजे तिफणी, कुळव अशी शेतीची अवजारं करणारा माणूस. सागाच्या जुन्या चौकटीतून त्याने मला घडवलं, पण तिसरा पाय दोन बोटं आखूड कापला. अण्णा रागावले तर म्हणतो कसा, "अण्णा, तिफण कधी सपाट जमिनीवर चालती व्हय? ह्येबी चालंल." अण्णांनी त्या पायाला जुन्या चपलेचा रबरी तळ ठोकला. तेव्हापासून मी एका पायात चप्पल घालून उभा आहे.

पुढची बारा-तेरा वर्षं मला उसंत नव्हती. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळीकडे मी हजर. त्या काळात गावोगावची तरणी पोरं पुण्याला, हैदराबादेला कामाला निघायची. निघण्याआधी आईवडिलांसोबत एक फोटो काढून घरी ठेवून जायची. त्या फोटोत आया हटकून पापण्या मिटायच्या. मी मात्र तसूभर हललो नाही. अण्णा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "ह्यो गडी लंगडा हाय, पर डुलत न्हाई बघ."

मग छोटे, हलके डिजिटल कॅमेरे आले. हातात धरायचा, बटण दाबायचं, संपलं काम. मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्या डोक्यावर पाण्याचा माठ ठेवला. माठ झिरपायचा. सहा वर्षं मी भिजत उभा होतो आणि येणारेजाणारे पाणी पिऊन उरलेलं माझ्या पायाशी ओतायचे. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

दोन हजार दहा साली अंबिका स्टुडिओत कामाला लागली. जवळच्या राजेश्वर गावची पोर, बावीस वर्षांची. कॉम्प्युटर शिकून आलेली. तिला इंटरनेटवर कुठेतरी एचडीआर नावाचा प्रकार सापडला. एकाच जागेचे पाठोपाठ तीन फोटो काढायचे. एक अंधारा, एक बेताचा, एक उजळ. मग कॉम्प्युटरवर तिन्हींचा मिळून एक करायचा. उन्हातलंही दिसतं आणि सावलीतलंही दिसतं. ऐकायला सोपं वाटतं, पण पोरीने काय एकेक नमुने काढले म्हणता. समोरच्या शरणम्माच्या दुकानाचा फोटो काढला, त्यात आभाळ वांग्यासारखं जांभळं झालं आणि दारातल्या शेळीला नऊ पाय आले.

अण्णा हसून हसून खोकायला लागले. "अंबिका, ही शेळी चिटगुप्प्याची न्हाई. कुठून आणलीस?"

"हसा अण्णा," ती म्हणाली. "पर मी ह्ये शिकल्याबिगर ऱ्हात न्हाई."

या हट्टामागे कारण होतं. अंबिकाचे वडील काशाप्पा घोंगड्या विणायचे. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. मेंढरं गेली, माग राहिला. तो जमिनीत खड्डा करून बसवलेला माग. खड्ड्यात पाय सोडून काशाप्पा अंधाऱ्या खोलीत विणत आणि दाराबाहेर रखरखत्या उन्हात तिची माय म्हाळसा पुढच्या घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, कुंच्याने चिंचोक्याची खळ लावत असे. चाळीस वर्षं दोघं समोरासमोर काम करत आले. एक काळोखात, एक उन्हात. आता काशाप्पांचे गुडघे खड्ड्यातून उठू देईनात. थोरला भाऊ मल्लेश हैदराबादेला होता. त्याने निरोप धाडला होता की, अमावास्येनंतर टेम्पो घेऊन येतो, दोघांना घेऊन जातो. माग मोडायचा ठरला होता.

अंबिकाला त्याआधी एकच फोटो हवा होता. दोघं एकत्र, आपापल्या कामात. साधा फोटो तिने काढून पाहिला होता. अप्पा दिसले तर दारात नुसता पांढरा झगमगाट. माय दिसली तर आत नुसता काळोख. म्हाळसाबाईंनी तो पांढरा झगमगाट बघून विचारलं होतं, "मी कुठं हाय गं ह्याच्यात?" ते शब्द पोरीच्या मनाला लागले होते.

हातात धरलेला कॅमेरा तीन वेळा एकाच जागी राहत नाही, हे शेळीने तिला शिकवलं. एक दिवस ती पाणी प्यायला आली, माठ उचलला आणि माझ्याकडे बघतच राहिली. "अण्णा, ह्यो स्टँड हाय की."

"स्टँडच हाय तो. तुला काय वाटलं, माठाची तिवई?"

तिने मला दोन दिवस उन्हात वाळवलं. तेल चोळलं. खिळखिळे सांधे घोंगडीच्या लोकरीने करकचून बांधले. अण्णांनी सुट्टी दिली आणि मी जीपच्या टपावर बसून राजेश्वरला गेलो. सहा वर्षांनी वारा लागला मला.

पहिल्या दिवशी मी खांबासारखा उभा होतो, तरी फोटो फसला. काशाप्पांचे हात चालू. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे. फोटोत त्यांना सहा हात आले. दुसऱ्या दिवशी अंबिका म्हणाली, "अप्पा, जरा हात थांबवा. माय, तूबी हलू नको." दोघं इतके ताठ बसले की, कोणी दमदाटी करून बसवलंय असं वाटलं. फोटो स्वच्छ आला. अंबिकाने तो बघितला आणि पुसून टाकला. "ही माझी मायबापं न्हाईत," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, आता एक गोष्ट सांगतो, जी मला माझ्या पायांमुळे कळली. माग चालतो तेव्हा जमीन हादरते. ठक, ठक, ठक. तो हादरा माझ्या तिन्ही पायांतून वर चढायचा. पण मधेच दोरा तुटला की हादरा थांबायचा. काशाप्पा दोन्ही टोकं बोटांत धरून, श्वास रोखून गाठ मारायचे. आणि बाहेर म्हाळसाबाईंचा कुंचाही तिथल्या तिथे थांबायचा. ठकठक का थांबली म्हणून त्या मान वळवून आत बघायच्या. गाठ बसेपर्यंत दोघंही स्तब्ध असायची.

मला बोलता येत नाही. पण अंबिका हुशार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्याही ते ध्यानात आलं.

तिसरा दिवस शेवटचा. मल्लेशचा टेम्पो दिवस मावळायच्या आत येणार होता. अंबिकाने मला खोलीच्या मागच्या कोपऱ्यात उभं केलं, कॅमेरा बसवला, बटणावर बोट ठेवलं आणि दोरा तुटायची वाट बघत बसली. दोरा तुटेना. ती त्या मागावरची शेवटची घोंगडी होती. काशाप्पांनी असं जपून कधी विणलं नसेल. सकाळ गेली, दुपार कलली. पोरीचं बोट आखडलं, पण तिने ते काढलं नाही.

शेवटी ती हळूच म्हणाली, "अप्पा, एक दोरा तोडा की."

काशाप्पांनी वरही बघितलं नाही. "मुद्दाम दोरा तोडायचा? माग हाय बाई ह्यो."

"मग मी बसते. तुमची घोंगडी सरंपर्यंत बसते."

"बस की. कोण न्हाई म्हणायलंय?"

बापलेक दोघंही हट्टाचे. आणि मधे मी. तितक्यात माझी चप्पल सुटायला लागली. ग्यानबाचा आखूड पाय. रबर एका खिळ्यावर लोंबत होतं. आणखी शंभर हादरे बसले असते तर मी कललो असतो आणि कॅमेरा थेट खड्ड्यात. मी जीव मुठीत धरून उभा राहिलो. मला मूठ नाही, पण तुम्हाला समजलं असेल.

घोंगडीला वीतभर काम उरलं होतं तेव्हा हादरा थांबला. काशाप्पा वाकले. बाहेर कुंचा थांबला. म्हाळसाबाईंनी मान वळवली. बटण दाबलं गेलं. खट, खट, खट. तिसरा फोटो सगळ्यात सावकाश निघाला. ते रबर निसटून पडलं तेव्हा फोटो निघून झाला होता.

अंबिका मला घेऊन तशीच चिटगुप्प्याला परतली, पण स्टुडिओत लाइट गेलेली होती. आम्ही दीड तास थांबलो. मल्लेश टेम्पो घेऊन थेट तिथेच आला, आईवडिलांना घेऊन. लाइट आल्यावर अंबिकाने तिन्ही फोटो एकत्र केले. आभाळाला वांग्याचा रंग येऊ दिला नाही. जसं होतं तसंच ठेवलं.

काशाप्पा पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले. मग बायकोला म्हणाले, "तू माझ्याकडं बघायलीस."

"व्हय. ठकठक थांबली की बघायची."

"रोज?"

"मग? चाळीस वर्षं."

"मला कधी दिसलंच न्हाई गं. दारातून निसता उजेड डोळ्यात जायचा. मला वाटायचं, तू आपल्या कामात हायस."

"मला तरी आतलं कुठं दिसायचं? अंधारच दिसायचा," म्हाळसाबाई म्हणाल्या. "तरी बघायची. जीव ऱ्हायचा न्हाई."

अण्णा उगाच माठातलं पाणी प्यायला गेले. मल्लेश दारात उभा होता. टेम्पोला उशीर होत होता, तरी तो उंबऱ्यावर टेकला.

माग मोडला, मित्रांनो. ते कोणाला टाळता आलं नाही. पण अंबिकाने त्याचा एक खुंट मागून घेतला आणि त्यातून मला नवा तिसरा पाय केला. आता मी लंगडत नाही. माठ खिडकीत गेला. फोटो हैदराबादेच्या एका खोलीत भिंतीवर आहे म्हणतात, आणि त्याच्यासमोर दोन माणसं रोज चहा पितात.

माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्या घराच्या कोपऱ्यात भिजत उभी असेल तर तिला एकदा पुसा, उन्हात ठेवा. एवढी माझी विनंती. आणि तुम्ही अभ्यास करताना, खेळताना, तुमचा आवाज मधेच थांबला तर घरात कोणीतरी काम सोडून मान वळवत असेल. तुम्हाला ते दिसणार नाही. तरी त्या बाजूला एकदा बघा.