फोटोतले हात

“मॅडम, लाल जमून नाही राहिला. केशरी करून पाहा ना,” राजू म्हणाला.

मघाशी वेबसाइटचा रंग केशरीच होता. त्याआधी हिरवा. सौंसरच्या बसस्टँडसमोरच्या माझ्या एका खोलीच्या दुकानात पंखा नुसता गरम हवा ढवळत होता आणि हा सकाळपासून माझं डोकं खात होता. वेबसाइटची थीम, म्हणजे तिचा आयता साचा, हा रेडिमेड ब्लाउजच. मी तो गिऱ्हाइकाच्या मापात बसवून देते. इथं टाचायचं, तिथं उसवायचं. कितीतरी वर्षं हेच चाललंय. आता कंटाळा यायचाही कंटाळा आलाय.

राजू मोहगावचा. त्याच्या आईच्या हातच्या सरगुंड्यांची ही वेबसाइट. पिठाची बारीक वात काडीवर गुंडाळायची, अलगद सोडवून वाळवायची आणि उन्हाळ्यात शिजवून आमरसाबरोबर खायची. नागपूरचे पाहुणे आले की डबे भरभरून नेतात म्हणे. आई, शकुबाई, कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. फोटो काढायचा म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून, मळलेलं पीठ आणि काड्या घेऊन आली होती.

थीम मात्र परदेशी हॉटेलवाल्यांसाठी बनवलेली. पहिल्याच पानावरच्या फोटोत एका गोऱ्या बाईचे हात पास्ता वळत होते.

“चला, आता हा फोटो हटवून तुमचा टाकू,” मी म्हटलं. “मावशी, इकडे उजेडात या. हात नीट दिसू द्या.”

शकुबाईनं पदराखालून हात काढले. मनगटापासून बोटांपर्यंत कोडाचे पांढरे डाग. तिनं काडी उचलली आणि पिठाची वात तिच्यावर सरसर चढू लागली. मी मोबाइल धरला.

“राहू द्या मॅडम,” राजू एकदम बोलला. “थीममंधलाच फोटो ठेवा. सरगुंड्यावाणीच दिसते थे.”

“अहो, करतात ह्या आणि फोटो त्या परक्या बाईचा?”

“गावात सगळे खातेत, मले मालूम हाय. पण बाहेरचा मानूस हे हात पाहीन तं घेईन का? खायची चीज हाय. तुमीच सांगा, तुमी घ्यान का?”

मला पटकन ‘हो’ म्हणता आलं नाही. कोड लागत नाही हे शाळेपासून पाठ असलेली मी, पण नजर तिच्या बोटांतल्या पिठाकडे गेली. शकुबाईनं ते पाहिलं.

ती उठून स्क्रीनपाशी आली. त्या हातांकडे बराच वेळ बघत राहिली.

“हे तं सारीच पांढरी हाय रे बाबू,” ती म्हणाली. “तिचं चालते. मी अर्धीच पांढरी, तं माहं काहून नाही चालत?”

राजूनं मान खाली घातली. आता तरी म्हणेल, काढा आईचा फोटो, असं मला वाटलं. तो मोबाइल चाळू लागला. मी उगाच माउस इकडेतिकडे फिरवला.

“जाऊ दे,” शेवटी तीच म्हणाली. “माल खपला पायजे. ठेवा बाई, जे हाय थेच.”

काडीवरचा सरगुंडा तिनं अलगद सोडवला आणि माझ्या टेबलावर कागद पसरून त्यावर ठेवला. “वाळू द्या इथंच. फेकून नका देऊ.”

मी फोटो तसाच ठेवून बटण दाबलं. साइट सुरू झाली. राग आला तो माझाच आला, पण काम उरकलं म्हणून बरंही वाटलं, आणि त्याची जास्त लाज वाटली.

दोघं समोर बसची वाट बघत उभे राहिले. राजूनं मोबाइलवर साइट उघडून आईच्या हातात दिली. कडक ऊन होतं, तिला काही दिसेना. तेव्हा तिनं आपला डागांचा हात मोबाइलवर आडवा धरला, आणि त्या सावलीत त्या बाईचे हात बघत राहिली.