मेन स्विचची दांडी

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा ओमकार जाताना दारातच बजावून गेला, "वहिनी, तपासणी पूर्ण होईपर्यंत लाइट जाता कामा नये. हार्ड डिस्क आधीच कुरकुरतेय. मध्येच बंद पडली, तर परत चालू होईल याची गॅरंटी नाही." बिचारा दापोलीहून खास हर्णेला आला होता, आणि माझा जीव टांगणीला लावून गेला.

मला त्या डिस्कमधलं दुसरं काही नको होतं. फक्त एका मिनिटाची एक फाइल. मजीदनं, माझ्या नवऱ्यानं, शेवटचं जहाजावर जाण्याआधी माइकवर बोलून ठेवलेली, माझ्या पोटातल्या आयातसाठी. मुलगीच होणार, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. दोन महिन्यांनी तो गेला. मातीही तिकडेच दिली. आयात आता चार वर्षांची आहे. बाप म्हणजे तिच्यासाठी तेवढी ती फाइल. परवापासून ती उघडेना, कॉपीही होईना. आणि मी दीडशहाणी, चार वर्षांत एक फ्लॉपी काढून ठेवली नव्हती!

"कॉम्प्युटर चालू असताना कोणी लाइट बंद करतं का?" ओमकारनं विचारलं होतं. मी सासूकडे बघितलं. परसातल्या माडावर वीज पडली तेव्हापासून अम्मांचा एकच कायदा: आभाळ गुरगुरलं की मेन स्विच खाली. घरात कोण काय करतंय ते बघायचं नाही. खाली-वर करून करून त्याची लोखंडी दांडी पार सैल झाली होती. ओमकारची पाठ वळली आणि माझा तोल गेला.

"तुमच्या त्या स्विचनं माझा नवरा दुसऱ्यांदा मारलात!"

अम्मा आयातला शेजारी खुर्शीदकडे सोडून आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

दुपारी तीनला एकोणसाठ टक्के झाले होते. निळ्या पडद्यावरचे चौकोन मुंगीच्या पावलानं भरत होते. मधूनच कट्-कट् आवाज यायचा, आकडा अडायचा, माझा श्वासही अडायचा. चौकोनात 'बी' उमटला की तिथला भाग कायमचा खराब, असं ओमकार सांगून गेला होता. चार 'बी' उमटले होते. त्यात ऑक्टोबरचे दिवस. डोंगराकडून आभाळ भरून यायला लागलं.

एक्क्याऐंशी टक्क्यांना पहिला गडगडाट झाला. अम्मा उठल्या आणि बोर्डाकडे निघाल्या.

"अम्मा, हात लावू नका हां!"

त्या थांबल्या नाहीत. कडाडकन वीज पडली, दिवा मिणमिणला, पडदा थरथरला. मी खुर्ची लोटून धावले. "मेली सवय जात नाही का तुमची?"

अम्मांनी दांडी दोन्ही हातांनी धरली होती. वर रेटून. डोळे गच्च मिटलेले, ओठ कलमा पुटपुटत होते.

"आपोआप घसरते गो ही," त्या म्हणाल्या. "गडगडलं की भिंत हादरते. तू जा, तिकडे बघ."

लाज वाटली मला, फार लाज वाटली. "सोडा, मी धरते. वीज आत आली तर?"

"तुझी पोर लहान आहे. जा म्हणते ना!"

पाऊण तास त्या तशाच उभ्या होत्या. शंभर टक्के झाले. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून मी फाइल उघडली.

"आयात, मी तुझा अब्बा..." मग नुसती खरखर. मी आवाज वाढवला. खरखरच. मधलं सगळं गेलं होतं. मला रडूच फुटलं. आणि शेवटी, एकदम स्पष्ट, मजीदचा वैतागलेला आवाज आला, मागे आभाळ गडगडत असताना: "अम्मा, एक मिनिट थांब गो! बंद नको करू!"

हे वाक्य लागलं की दरवेळी मी सासूला टोमणा मारायचे.

बोर्डाखालून अम्मा म्हणाल्या, "थांबल्ये रे बाबा, थांबल्ये."

मी फ्लॉपी आत सरकवली. गडगडाट कधीच लांब गेला होता, पण कॉपी पूर्ण होईपर्यंत त्यांनी दांडी सोडली नाही.