सालईच्या चुऱ्याचं तेल

कोविडात मनोहर देवधरचं नाक गेलं ते गेलंच. फोडणी करपली तरी त्याला पत्ता लागत नसे. आणि निवृत्तीनंतर या गृहस्थानं धंदा कोणता काढावा, तर सुगंधी तेलाचा! पण त्याच्यापाशी गिरीश होता, पिपलानीच्या कारखान्यात तीस वर्षं त्याच्यासोबत एकाच बॉयलरवर राबलेला दोस्त. वाफ मनोहरची, नाक गिरीशचं, असं ठरलं.

सोनागिरीत त्यांनी शेड घेतली. सालईच्या झाडाचा सुवासिक गोंद निवडल्यावर उरलेला, सालपटं मिसळलेला चुरा व्यापारी फेकून देत. तो चुरा हे दोघं पोत्यांनी आणत. टाकीत जाळीवर चुरा पसरायचा, खालून वाफ सोडायची. ती तेल घेऊन नळीत थंड होई आणि काचेच्या भांड्यात पाण्यावर तेल तरंगे. मनोहर बॉयलर सांभाळी. त्याची पाठ धरलेली, म्हणून टाकी भरणं-उपसणं गिरीशकडे, आणि भांड्याशी उभं राहून वास घेणंही.

“वाह! काय खुशबू आहे यार,” गिरीश म्हणे आणि मनोहरची छाती फुगे. अवधपुरीची मृणाल या तेलाचे साबण करायची. बाटलीवर नाव मनोहरचं होतं. वर्षभरात तेल दुप्पट निघू लागलं. ही आपल्या हातची करामत, असं तो भेटेल त्याला ऐकवी.

त्या दुपारी त्याची बायको कांचन पहिल्यांदाच शेडमध्ये डबा घेऊन आली.

“अहो, रंगकाम काढलंय का? टर्पेंटाइनचा केवढा वास!”

“सालईचा असेल, तो थोडा तसाच असतो.”

“मला कळत नाही होय?” तिनं भांड्यावर नाक नेलं आणि तोंड वाकडं केलं. “इथूनच येतोय.”

गिरीश हातातलं काम सोडून उगाचच फडकं शोधायला लागला.

“गिरीश, काय घातलंस यात?” मनोहरनं विचारलं.

“थोडी मिलावट सगळेच करतात, यार.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून,” गिरीश हळूच म्हणाला. “तेल आलंच नव्हतं रे. गोंद वितळून जाळीवर लादी बसली होती. तू इतका खूश होतास, मला सांगवेना. मग ऑर्डरी येत गेल्या. तुला तर वास येतच नाही, तुझं काय बिघडलं?”

मनोहरनं बॉयलरची वाफ बंद केली. वर्षभर तो मिरवला होता, आणि हा शेजारी उभा राहून वाह वाह करत होता. इतकं उघडं पडल्यासारखं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

“अरे, लादी बसली तर चुऱ्यात भुसा मिसळायचा! वाफेला वाट मिळते. दहा मिनिटांचं काम होतं. मला एकदा विचारायचंस तरी.”

मनोहरनं मृणालला फोन लावला.

“बेटा, मनोहरकाका बोलतोय. माझ्या नावाची एकही बाटली वापरू नकोस. तेल खोटं आहे.”

“कुणी सांगितलं, काका?”

“बायकोनं,” मनोहर गिरीशकडे बघत म्हणाला. “मित्रानं सांगायला हवं होतं.”