दुसरं बटण

"ते दुसरं बटण कशासाठी असतं, तुला ठाऊक होतं का?" संध्याने विचारलं.

दवाखान्याच्या खाटेवर शालूचा उजवा हात उशीवर होता. बँडेजच्या पट्ट्यांमधून अंगठा आणि करंगळी तेवढी दिसत होती.

"मला वाटलं, बिघडल्यालं हाय. मी आले तवापासून त्याच्यावर चिकटपट्टीच व्हती."

बिडकीनजवळच्या त्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, निघत. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचा, म्हणजे हात बाहेरच राहायचे. एक बटण पट्टीने दाबून ठेवलं, की एक हात पत्रा सरकवायला मोकळा. संध्या तिथे एकोणीस वर्षं होती. त्यातली आठ वर्षं लाइनची प्रमुख.

"पहिल्या दिवशी मी सगळं सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं व्हतं. मशीनच्या आवाजात निम्मं ऐकूच आलं नाय."

"मग मी विचारलं होतं, समजलं का म्हणून."

"मी व्हय म्हणले. नाय म्हणले असते तर दुसऱ्या दिवशी ठिवलं असतं का ताई?"

आठ वर्षांत संध्याने दोनेकशे बायकांना 'समजलं का' एवढंच विचारलं होतं. एकीनेही कधी नाही म्हटलं नव्हतं. आणि तिला वाटायचं, आपल्याला छान शिकवता येतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तिने लाइनवरच्या बायकांना जवळ बोलावलं. काही बिघडलं की ती विचारायची, "कोणी केलं हे?" आणि सगळ्या माना खाली जायच्या. त्या दिवशीही माना खालीच होत्या.

"पट्टी कोणी लावली ते मला नको," ती म्हणाली. "नाही लावली तर काय होतं, ते सांगा."

मग वयाने मोठी रत्नमाला म्हणाली, "दिसाचे ठरल्याले अकराशे नग व्हत नायत. लई झालं तर आठशे. पट्टी काढून बघा तुम्हीच."

संध्या स्वतः प्रेसवर बसली. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबत तिने तासभर काम केलं. शंभर नग निघाले. आठ तासांचे आठशेच.

दुपारी मॅनेजर सर्जेराव साहेबांनी अहवाल पुढे ठेवला. अपघाताचं कारण : कामगाराचा निष्काळजीपणा. खाली संध्याचं नाव छापलेलं, सहीची जागा कोरी.

"साहेब, अकराशेचा आकडा ठरला, तेव्हा दोन्ही बटणं दाबून किती निघतात ते कोणी बघितलं होतं का?"

"तुम्हाला सही करायचीय की माझी चौकशी करायचीय?"

"ती पट्टी मला रोज दिसत होती. का लावलीय, हे मी एकदाही विचारलं नाही. तेवढं त्यात लिहा, मग करते सही."

सर्जेरावांनी कागद हळूच ओढून घेतला. "घरी दोन लेकरं आहेत ना तुमच्या? नीट विचार करा."

तिने रात्रभर विचार केला. सकाळी पुन्हा तेच सांगितलं.

अहवाल दुसऱ्याच्या सहीने गेला. संध्याला पॅकिंगमध्ये टाकलं. तिथे तिच्या हाताखाली कोणी नव्हतं. प्रेसवरच्या पट्ट्या निघाल्या, आठवडाभर निघालेल्याच राहिल्या. अकराशेचा आकडा तसाच होता. नवव्या दिवशी पट्ट्या परत दिसल्या. रत्नमाला संध्याच्या शेजारून डबा घेऊन जायची, पण मान वर करायची नाही.

दोन महिन्यांनी शालू आपले कामाचे कागद न्यायला आईबरोबर गेटवर आली. संध्या पॅकिंगमधून बाहेर आली. पहारेकऱ्याने रजिस्टर उघडलं, शालूच्या हाताकडे पाहिलं आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला.

"सही येती मला," शालू म्हणाली.

तिने पेन डाव्या हातात धरलं. रजिस्टर सरकू लागलं, तशी संध्याने दोन्ही तळवे त्याच्या कडांवर दाबून धरले. मागे रांगेत चारपाच जण उभे होते. शालू एकेक अक्षर काढत होती, आणि कोणीच घाई करत नव्हतं.