टोपी न काढणारा झुंजार मित्र

मित्रांनो, मी एक जुने डोके आहे. नुसतेच डोके. मला धड नाही, पण माझे डोके अजून धड आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

'मित्रांनो' हे मी उगाच म्हणत नाही. अमेरिकेत ओहायोतले आमचे क्वेकर पंथाचे ख्रिस्ती लोक स्वतःला 'मित्र'च म्हणवतात. ते कुणावर हात उचलत नाहीत, बंदूक धरत नाहीत, देवाखेरीज कुणापुढे टोपी काढत नाहीत आणि त्यांच्यातले जुने लोक लहानथोर सगळ्यांशी अरे-तुरेच करतात. अशा लोकांच्या छोट्याशा कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला कुणीतरी थट्टेने नाव दिले, 'झुंजार मित्र'. ते असे चिकटले की निघता निघेना.

सामन्यात कुणीतरी डोक्यावर चढवून संघाचे सोंग म्हणून नाचावे, यासाठी शिवणकाम शिकवणाऱ्या लोइस मेंडेनहॉलने तारेच्या सांगाड्यावर जाड लोकरी कापड ताणून मला घडवले. गाल गुलाबी केले. वर रुंद काठाची काळी टोपी बसवली. ती सारखी घसरायची, म्हणून शिवूनच टाकली. तोंड मात्र उघडे ठेवले नाही. कुणी विचारले तर म्हणायची, "क्वेकरला तोंड कशाला लागतं? गप्प बसण्यात तर आपली हयात जाते!"

त्यामुळे मला घालणाऱ्याने एक शब्दही बोलायचा नाही, असा नियम पडला. सामन्यात पाहुण्यांचा खेळाडू एकटा चेंडू टाकायला उभा राहिला की दुसऱ्या कॉलेजांत आरडाओरडा होतो. आमच्याकडे मला घातलेल्याने हात वर केला की सगळे प्रेक्षक प्रार्थनेला बसल्यासारखे चिडीचूप. बिचारा गांगरून जायचा आणि चेंडू कडीवर आपटायचा.

"अरे, ओरडा की! मयताला आलात का?" पाहुण्यांचा प्रशिक्षक एकदा वैतागून म्हणाला.

"तुझ्यासाठीच प्रार्थना करतोय रे, मित्रा!" मागून उत्तर आले आणि सारे सभागृह हसले. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका सामन्याला नियामक मंडळावरचा म्हातारा एलवुड हिन्शॉ आला. मला नाचताना पाहून तो तांबडालाल झाला. पहिल्या महायुद्धात बंदूक धरायला नकार दिला म्हणून त्याचे वडील तुरुंगात गेले होते आणि तिथून खोकला घेऊनच परतले होते.

"माझा बाप झुंजायचं नाही म्हणून आत गेला," तो म्हणाला. "आणि तुम्ही त्याचं सोंग नाचवता? नाव बदला. 'ससाणे' ठेवा, काहीही ठेवा. आणि हे डोकं भट्टीत घाला!"

मला भट्टीची भीती वाटली, हे कबूल करतो. पण त्याचे दुःखही खोटे नव्हते.

आमच्याकडे मते मोजत नाहीत. सगळे शांत बसतात आणि सगळ्यांचे एकमत झाले तरच निर्णय होतो. ज्याला बोलायचे तो उठतो. तो उभा आहे तोवर बाकीच्यांनी थांबायचे.

नावाचा निर्णय करायला बैठक भरली. बैठक त्या वर्षी लोइस चालवत होती. मला घालणारी टॅबिथा पिकरिंग मला डोक्यावर चढवूनच येऊन बसली. लोइसने विचारले, "मित्रांनो, नाव बदलायला सगळे राजी आहेत?"

टॅबिथा उठली.

"बोल, मित्रा," लोइस म्हणाली.

टॅबिथा बोलेना. मला घातल्यावर बोलायचे नाही! घामाने माझे अस्तर भिजले होते, पण बसायचे नाव नाही. बैठक अडली. कुणी खोकले, कुणी हसू दाबले.

"बोलायचं नसेल तर खाली बस!" एलवुड ओरडला. "आणि प्रार्थनेच्या जागी आधी ती टोपी काढ!"

टॅबिथाने सावकाश मान हलवली. नाही.

एलवुड तरातरा आला आणि त्याने टोपी ओढली. टर्रकन एका बाजूचे टाके उसवले. भर बैठकीत मित्राने मित्रावर हात टाकला होता.

टोपीचा काठ हातात धरून एलवुड तसाच थिजला.

"कोर्टात शिपायानं माझ्या बापाची टोपी अशीच ओढली होती," तो हळूच म्हणाला. "टोपी काढ म्हणाले, काढेना. बोल म्हणाले, बोलेना. नुसता उभा राहिला. मी मागच्या बाकावर रडत होतो. मला वाटायचं, हा भांडत का नाही?" त्याने उसवलेल्या टाक्यांवरून बोट फिरवले. "भांडतच होता की गं. सगळ्यांत जास्त तोच भांडला."

मग त्याने डोळे पुसले. "लोइस, सुई आहे का तुझ्याकडे?"

जन्मात बंदूक धरली नव्हती, तशी त्याने सुईही धरली नव्हती. टॅबिथाला बाकावर बसवून, भर बैठकीत, त्याने माझी टोपी स्वतः शिवली. टाके वाकडेतिकडे आहेत, पण पक्के आहेत. नाव बदलायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आता मी व्यायामशाळेच्या कपाटात पडून असतो. कापडाला कसर लागली आहे, गाल फिके पडले आहेत. मित्रांनो, लोक नावे ठेवतातच. ठेवू द्या. ते नाव डोक्यावर घेऊन ताठ उभे राहा. आणि माझ्यासाठी एवढेच करा. मला अधूनमधून ऊन दाखवा, गालांना थोडा रंग द्या. वाटल्यास नवे अस्तर लावा. फक्त ते वाकडे टाके उसवू नका आणि माझी टोपी काढू नका.