फळीवरचा आंबा

चैत्र लागला की सोमारीच्या घरातल्या फळीवर एक आंबा येऊन बसायचा, आणि तो कोणी खायचं नाही.

चंद्रपुरात आंबा लवकर येतो. कुठकुठून ट्रकांत भरून येतो आणि खाणीच्या कॉलनीतलं कोणीतरी पहिल्या चार कैऱ्यांतली एक सोमारीच्या हातावर ठेवतं. दिलेलं फळ परत करायचं नाही, असं तिला आईनं शिकवलं होतं. गावचा पंडुम होईस्तोवर नवा आंबा तोंडात घालायचा नाही, हेही आईनंच शिकवलं होतं. दोन्ही पाळायचं तर आंब्याला फळीशिवाय जागा नव्हती. तो तिथं हळूहळू पिवळा पडायचा, मग सुरकुतायचा.

पंडुम म्हणजे सण. सोमारीचं माहेर पुसेरटोल्याचं, धानोऱ्याच्या पलीकडं, जंगलाला अगदी खेटून. तिथं आंब्याची कोय टणक झाली की गावचा गायता, म्हणजे पुजारी, दिवस ठरवतो. पहिले आंबे देवापुढं ठेवतात आणि मग सारं गाव एका रांगेत पळसाची पानं मांडून बसतं. तोवर झाडाखाली पडलेली कैरीदेखील कोणी उचलत नाही. कोय धरली नसेल तर बी वाया जाते, बी गेली तर झाड जातं. त्यामुळं या रिवाजामागचं शहाणपण समजायला देव मानलाच पाहिजे असं काही नाही. पण सोमारी देव मानून पाळायची.

तिचा नवरा बिरजू खाणीतून येताना आंबे आणायचा आणि चुलीपाशी बसून मीठ लावून खायचा. त्याच्या घरची ही रीत कधीच सुटली होती.

"तू राख, मी खातो," तो म्हणायचा. "देवाले एका घरातून एक माणूस पुरे."

आई होती तोवर पंडुमचं बोलावणं आईकडून यायचं. ती गेल्यावर भाऊ डोमा येऊ लागला. लेकीला पंडुमला न्यायला घरच्या माणसानं स्वतः यायचं, ही त्यांच्या घरची रीत. डोमा एसटीतून उतरायचा, पाणी प्यायचा आणि आधी फळीकडं बघायचा. सुकलेला आंबा उचलून पिशवीत टाकायचा. "चाल. हा बकरीले देऊ," म्हणायचा. दर वर्षी तेवढंच म्हणायचा, आणि दर वर्षी सोमारी तेवढंच ऐकायला थांबलेली असायची.

या भावाबहिणीतूनच कॉलनीची टोपली सुरू झाली होती. एका पावसाळ्यात डोमानं बहिणीसाठी वास्ते पाठवले, बांबूचे कोवळे कोंब. शेजारच्या सत्यशीलाबाईंनी ते चाखले आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन परत आल्या. त्या नागभीडकडच्या, धानाच्या घरातल्या. लग्न होऊन कॉलनीत आल्यापासून त्यांना बाजारची भाजी पाणचट लागत होती. पुढं आणखी घरं जोडली गेली. आता ही घरं हंगामाच्या आधीच पुसेरटोल्याला पैसे देऊन ठेवत आणि मग शेत नि जंगल जे देईल ते वाटून घेत. पाऊस रुसला तर टोपली हलकी यायची, त्याबद्दल कोणी कुरकुर करायची नाही, असं ठरलं होतं. पावसाळ्यात काटवलं, म्हणजे करटोली, यायची, थंडीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा, चैत्रात मोहफुलं, मग चारोळीची चारं आणि तेंदूची टेंभरं. दर रविवारी धानोऱ्याच्या गाडीनं टोपल्या यायच्या, सोमारीच्या अंगणात वाटे पडायचे आणि त्यातलंच काहीतरी शिजवून सगळे तिथंच जेवायचे. सोमारी वाटे हातानं घालायची. हात तिला वजनकाट्याहून बरा वाटायचा, कारण ज्या घरी पाहुणे आलेत त्या घराकडं तो आपोआप थोडा सैल सुटायचा.

यंदा टेंभरं आली, चारं आली, आंबा काही येईना.

"बाजारात ढीग लागले," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "अन् आपल्या टोपलीत टेंभरंच. तुमच्या आंब्याले बी मुहूर्त लागते का, सोमारीबाई?"

"लागते."

"साहेबाच्या टेबलावरच्या फायलीवाणी हाये ते," बापूराव म्हणाले. ते निवृत्त कारकून. त्यांना सगळं जग फायलीसारखं दिसे. "सही झाल्याबिगर सुटत नाई."

"मंग सही होईस्तोवर आम्ही पन्हं बी नाई प्यायचं?"

"तुम्ही प्या ना," सोमारी हसत म्हणाली. "तुम्ही माह्या गावच्या आहा का, तुमच्यावर नेम लावाले?"

सत्यशीलाबाईंनी मनावर घेतलं. पुढच्या रविवारी त्यांनी बाजारच्या कैऱ्या उकडल्या आणि पातेलंभर पन्हं सोमारीच्या अंगणात आणलं. ऊन रणरणत होतं. सोमारीनंच पेले भरले, तबकात मांडले आणि सगळ्यांना दिले. तबकात शेवटचा पेला उरला. ती तो बिरजूकडं न्यायला वळली तेवढ्यात सत्यशीलाबाईंनी फोटो काढला. हातात पन्ह्याचं तबक, तोंडावर हसू. टोपलीचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यावर त्यांनी तो टाकला आणि खाली लिहिलं, 'आला रे आला, सोमारीबाईचा आंबा आला'.

त्या ग्रुपवर डोमाची मुलगी रंजीताही होती. टोपल्या तीच भरायची.

पुढचा रविवार आला. हे डोमाच्या येण्याचे दिवस होते. सोमारीनं नवी साडी इस्त्री करून ठेवली होती, बिरजूच्या दोन दिवसांच्या भाकरीच्या पिठाचीही सोय केली होती. ती स्वतः बसस्टँडवर गेली. गाडी आली, कंडक्टरनं टोपल्या उतरवल्या. त्यांच्यामागून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड तिनं पाहिलं. शेवटी ड्रायव्हरही उतरून चहाला गेला.

घरी येऊन वाटे घातले. हात सारखा चुकत होता; बापूरावांच्या वाट्याला दोनदा चारं पडली. सगळे गेल्यावर तिनं रंजीताला फोन लावला.

"तुहा बाबा बिमार आहे का वं?"

"नाई आत्या. बरा आहे."

"मंग आला काऊन नाई? पंडुमचा दिवस नाई ठरला का?"

"ठरला. या मंगळवारी आहे. आत्या, तू रागावू नोको. बाबा म्हणते, तिच्या तोंडाले आंबा लागला आता. खाल्लेल्या माणसाले रांगेत बसवलं तं गायता काही बोलणार नाई, पण तिलेच लाज वाटंल. मनून नाई आला."

"कोणं सांगतलं त्याले?"

"फोटो पाह्यला ना त्यानं. मीच दाखवला." मग हळूच म्हणाली, "मले वाटलं, हसंल."

मी नाही प्याले, एवढंच सांगायचं होतं. तीन शब्द. सोमारीच्या जिभेवर ते आलेही. पण इतकी वर्षं डोमानं तिला कधी विचारलं नव्हतं; तो फक्त फळीकडं बघायचा. आपलं तोंड कोरडं आहे हे भावाला तोंडानं सांगायची वेळ यावी, याचंच तिला जास्त लागलं. "बरं," म्हणून तिनं फोन ठेवला.

सत्यशीलाबाईंना कळलं तेव्हा त्या जेवण टाकून आल्या. "माह्या हातानं झालं हे. मी सांगतो त्याले फोन करून. मी होतो ना तिथी, मी पाह्यलं."

"नोको."

"मंग फोटो तरी काढून टाकतो."

"काढला तं त्याले वाटंल, लपवून राह्यले." सोमारी उठली. "राहू द्या, बाई. तुम्ही काही वाईट मनानं नाई केलं."

रिकाम्या टोपल्या सोमवारच्या गाडीनं परत जायच्या. सोमारीनं त्या झटकल्या, एकात एक बसवल्या. मग ती फळीपाशी गेली. आंबा देठापाशी काळा पडला होता, बाकी साल सुकून हरणाच्या चामड्यासारखी झाली होती. कुठं चिरलेला नव्हता, कुठं दात लागलेला नव्हता. तर्कानं पाहिलं तर त्या आंब्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. एक न खाल्लेला आंबा दुसरे खाल्ले नाहीत याची साक्ष देऊ शकत नाही. पण तर्कानं पाहणाऱ्यासाठी तो नव्हताच. तिनं तो सगळ्यात वरच्या टोपलीत ठेवला, वर पळसाचं पान झाकलं.

"चिठ्ठी टाक एखादी," बिरजू म्हणाला.

"त्याले समजते."

मंगळवारी ती दिवसभर घरात होती. दुपारी, रांग बसायच्या वेळेला, ती अंगणात पाणी शिंपडून उगाच बसून राहिली. समोरच्या भिंतीवर कोळशाची बारीक धूळ साचली होती. तिच्या डोळ्यांपुढं पळसाची पानं होती, आणि आईच्या जागेच्या बाजूचं, दर वर्षी तिचं असायचं ते पान. फोन वाजला नाही. बुधवारीही नाही. फळीवर आंबा होता तिथं एक गोल डाग उरला होता. तो तिनं पुसला नाही.

रविवारी टोपल्या आल्या त्या आंब्यांनी भरून. आंबे छोटे, गावठी, देठाला चीक सुकलेला. अंगण वासानं भरलं. पंडुम झाला होता, तिच्याशिवाय.

आंब्यांच्या वर एक पानांचा दोना होता, दुसऱ्या पानानं झाकून काडीनं टाचलेला. सोमारीनं काडी काढली. आत आंब्याच्या फोडी होत्या, गूळ कालवलेल्या, पाच दिवसांत काळपटलेल्या. हे टोपलीत कधी येत नसे. हे फक्त रांगेत बसलेल्यांच्या पानावर पडायचं.

तेवढ्यात रंजीताचा फोन आला. "भेटला का दोना?"

"भेटला."

"आत्या, टोपल्या धानोऱ्यालेच अडकल्या होत्या, चहावाल्याजवळ. आमच्याकडं आल्या तवा रांग उठून गेली होती. बाबानं वरचं पान उचललं. आंबा पाह्यला. एक पान आणलं, आजीच्या जागेच्या बाजूनं मांडलं, त्याच्यावर फोडी वाढल्या. सारे घरी गेले तरी त्या पानासमोर एकटाच बसला होता. दोना बी त्यानंच टाचला."

सोमारीनं फोन कानावरून खाली घेतला. अंगणात सगळे आले होते. कोणी विळी आणली होती, कोणी मीठ-तिखट. पण कोणीच आंब्याला हात लावला नव्हता. बापूराव हात मांडीवर ठेवून बसले होते. सत्यशीलाबाई दोन्याकडं बघत होत्या.

सोमारीनं एक फोड उचलून तोंडात घातली.

"कसा लागला?" सत्यशीलाबाईंनी दबकत विचारलं.

"आंबट," ती म्हणाली. "घ्या आता."

मग विळ्या चालू झाल्या. रस कोपरापर्यंत गेला, बिरजूनं कोय चोखत बापूरावांना विचारलं, "झाली का सही?" आणि सगळे हसले. सोमारीही हसली. तिच्या हातात फोन तसाच होता, रंजीतानं ठेवला नव्हता. पलीकडं कुजबुज झाली, फोन हातातून हातात गेला.

"पोचला का?" डोमाचा आवाज.

"पोचला, दादा. अन् माहा आंबा?"

"बकरीनं खाल्ला."

"बरं झालं."

डोमाच्या मागं कोणीतरी काठीनं आंबे झोडत होतं. पानांची सळसळ यायची, मग क्षणभर काही नाही, मग मातीवर फळ पडल्याचा बद् असा आवाज. सोमारीनं दुसऱ्या कानावर हात ठेवला, म्हणजे अंगणातला गलका मधे येऊ नये, आणि ऐकत उभी राहिली. डोमानंही फोन ठेवला नाही.