तेइझोच्या तसबिरीपुढचा भात

मी एक म्हातारी कोई मासोळी बोलतेय. अंगावर लाल-पांढरे ठिपके, वय एकतीस, मिशा चार. जपानमधल्या निइगाताच्या डोंगरात, तोमिएच्या घरामागच्या तळ्यात माझा जन्म गेला. आपलं कौतुक सांगायला सगळेच पुढे येतात. मला मात्र लाजेचंच सांगायचंय.

या तळ्याचा मालक तेइझो, तोमिएचा नवरा. मी बोटभर असताना त्यानेच मला इथे आणलं. त्याने दोनदा टाळी वाजवली की आम्ही काठाशी गोळा व्हायचो आणि तो लाकडी पळीने दाणे टाकायचा. मी आ वासून सगळ्यांना ढकलत पुढे जायचे. पण झाडांची पानं गळली, पाणी गार पडलं, की तो पळी धुऊन पडवीतल्या खिळ्याला टांगायचा. मग थेट बर्फ वितळेपर्यंत उपास. थंडीत आमचं पोट काम करत नाही, खाल्लेलं आतच कुजतं. एवढे हिवाळे काढलेल्या मला हे कुणी सांगायला नको होतं.

यंदा भातकापणी संपता संपता तेइझो गेला. पळी तळ्याच्या काठावरच राहिली.

तोमिए रोज सकाळी त्याच्या तसबिरीपुढे वाटीभर गरम भात ठेवायची. दुपारी घंटी वाजवून तो उतरवायचा आणि घरच्यांनी खायचा, वाया घालवायचा नाही, अशी इथली रीत. घरात ती एकटी, आणि तिला घास गिळवत नव्हता. मग ती वाटी घेऊन तळ्याकाठी येऊ लागली. "अहो, तुमच्या लेकींना देते हं," एवढंच म्हणायची.

पहिल्या दिवशी छान ऊन होतं. तरी मी तळाशीच राहायला हवं होतं. भाताचा वास आला आणि मी शेपटी हलवत वर गेले. माझ्यामागून तोफू आली. तोफू म्हणजे तेइझोने अंड्यापासून वाढवलेली शेवटची पोर, पांढरीशुभ्र. उघड्या तळ्यातला तिचा हा पहिलाच हिवाळा. मी करेन ते ती करायची.

आम्हाला खाताना बघून तोमिए हसली, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. आपण तिच्यासाठी खातोय, अशी मी मनाची समजूत घातली. साफ खोटं. मला भात आवडला होता.

मी जाडजूड, माझं निभावलं. तोफूचं पोट फुगलं. ती एका कुशीवर पोहायला लागली, तरी घंटी वाजली की माझ्यामागे यायचीच. मी तिला एकदाही अडवलं नाही.

मग एका सकाळी शेजारचा माजिमा हिवाळ्याआधी तळं आवरायला आला. गमबूट चढवून पाण्यात उतरला, कुमुदिनीचे वाळके देठ कापले, कुजकी पानं उपसली, तिच्या पाण्यातल्या कुंड्या खोल बाजूला सरकवल्या. त्या देठांमध्येच त्याला तोफू सापडली. गाळात पडलेली भाताची शितंही त्याने पाहिली.

"थंडीनं गेली का हो, भाऊजी?" तोमिएने विचारलं.

माजिमा जरा घुटमळला. "हो, थंडीनंच. पण वहिनी, आता वसंतापर्यंत यांना काही घालू नका. गार पाण्यात पचत नाही त्यांना."

तोमिएने पडवीतल्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. संसारातले सगळे हिवाळे तिने तिथे पळी टांगलेली पाहिली होती, का ते कधी विचारलं नव्हतं.

"म्हणजे मीच ना," ती म्हणाली.

"तुम्ही कशाला? ही मोठी बया मागते. तेइझोदादालासुद्धा बनवायची."

तो बिचारा तिला हसवायला बोलला. तेच खरं आहे, हे त्याला कुठून कळणार? मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

तोमिएने पळी धुऊन खिळ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी माजिमा बर्फापासून आडोसा म्हणून तळ्यावर फळ्या टाकत होता. शेवटची फळी राहिली असताना घरात घंटी वाजली. तोमिए वाटी घेऊन काठाशी बसली आणि तो गार भात घासाघासाने स्वतःच खाऊ लागली. "अहो, आजपासून मीच खाते," ती म्हणाली.

तोमिए, तुझा दोष नव्हता गं. पण हे सांगायला माझ्याकडे तेच ते तोंड आहे.

मी वर गेले नाही. एवढं तरी नीट वागली, असं कुणी म्हणेल. म्हणू नका. खाली काळोखात, वास आल्याबरोबर, माझं तोंड उघडलं होतं.